उघड्यावरचं नाटक आणि मांडीवरचं मूल

वाचक विचारतात

त्रिपुरी पौर्णिमा झाली की मुंबईत मैदानांवर मांडव उभे राहू लागतात. मालवणी जत्रोत्सवांतला दशावतार, वांद्र्याच्या किल्ल्यापाशी दगडी पायऱ्यांवर बसून पाहायचे प्रयोग, फेब्रुवारीच्या आसपास काळा घोडा महोत्सव. पावसाची भीती नाही, उकाडाही कमी. पोराबाळांना घेऊन उघड्यावर नाटक पाहायचे हेच तीन-चार महिने, आणि या वेळची बहुतेक पत्रं त्याबद्दलचीच आहेत. बालनाट्य बसवणारे, ध्वनिव्यवस्था सांभाळणारे आणि मैदानातल्या प्रयोगांची मांडणी करणारे अशा तिघांनी मिळून ही उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. नाट्यगृहात अजून नेलेलं नाही. पहिलंच नाटक उघड्यावर दाखवावं का? आणि तो बसेल किती वेळ? (एक आई, गोरेगाव)

जरूर दाखवा. पहिल्या वेळेला बंदिस्त नाट्यगृहापेक्षा उघडी जागाच सोपी जाते. नाट्यगृहात तिसरी घंटा होते, दारं बंद होतात, एकदम काळोख होतो. चार वर्षांचं मूल नाटक सुरू होण्याआधीच बिचकतं. मैदानात अंधार हळूहळू पडतो, वर आभाळ दिसत असतं, आणि कंटाळा आलाच तर उठून वीस पावलं फिरून परत येता येतं.

तीन-चार वर्षांचं मूल अर्धा-पाऊण तास रमतं. पाच ते सातचं तासभर. आठव्या वर्षानंतर मध्यंतर धरून दोन तासांचं नाटक झेपतं. गाणी, बाहुल्या, मुखवटे, मारामारी असेल तर ही मुदत वाढते; नुसते संवाद असतील तर निम्म्यावर येते.

आता यात गोम अशी, की ही मुदत नाटक सुरू झाल्यापासून मोजायची नाही, जागेवर बसल्यापासून मोजायची. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, फेब्रुवारीत साडेसहा वाजून जातात. पुरता अंधार झाल्याशिवाय रंगमंचावरचे दिवे उठून दिसत नाहीत, म्हणून दिव्यांवर बेतलेला प्रयोग सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांनीच खरा सुरू होतो. पत्रिकेत साडेसहा छापलेलं असतं, आई-बाबा जागा धरायला साडेपाचला मुलाला घेऊन बसतात, आणि पडदा उघडायच्या आत मुलाचा पाऊण तास संपलेला असतो. दोघं असाल तर एकाने पुढे जाऊन सतरंजीवर जागा धरावी, दुसऱ्याने मुलाला पंधरा मिनिटं आधी आणावं. एकटेच असाल तर पुढच्या जागेचा हट्ट सोडा आणि ऐन वेळी पोचा.

आदल्या दिवशी गोष्ट सांगून ठेवा, शेवटासकट. शेवट आधी कळला म्हणून लहान मुलाचा रस जात नाही. तीच ती गोष्ट रोज रात्री मागणारी ही मंडळी आहेत. पुढे काय होणार हे ठाऊक असलं की ते कसं होतंय इकडे त्यांचं लक्ष लागतं. आणि मध्येच उठावं लागलं तर खुशाल उठा. दटावून बसवलेलं मूल पुढच्या वेळी नाटकाचं नाव काढू देत नाही.

प्रश्न : शाळेच्या मैदानातल्या बालनाट्याला लवकर जाऊन अगदी पहिल्या ओळीत बसलो. तरी सहा वर्षांची मुलगी 'दिसत नाही' म्हणून सारखी उभी राहत होती आणि मागचे ओरडत होते. पुढे बसूनही दिसत का नाही? (एक बाबा, मुलुंड)

पुढे बसलात म्हणूनच दिसलं नाही. हा घोळ जवळजवळ प्रत्येक मैदानात होतो, तेव्हा जरा हिशेबच मांडू.

मैदानात बांधलेला रंगमंच साधारण साडेतीन फूट उंच असतो. मांडी घालून बसलेल्या पाच-सहा वर्षांच्या मुलीचे डोळे जमिनीपासून फार तर पावणेदोन फुटांवर येतात. म्हणजे रंगमंचाची कड तिच्या डोळ्यांपेक्षा पावणेदोन फूट वर राहिली. तिची नजर त्या कडेवरून तिरकी वर जाते आणि त्या तिरक्या रेषेखालचं सगळं झाकलं जातं. रंगमंच १८ फूट खोल धरा. मुलगी कडेपासून ६ फुटांवर बसली असेल तर मागच्या पडद्याशी उभ्या असलेल्या नटाचं सव्वापाच फुटांपर्यंतचं अंग तिला दिसतच नाही. चेहरा तेवढा दिसतो, तोही नट उंच असला तर. कुणी सिंहासनावर बसलं की ते पात्र तिच्यापुरतं गायबच. तीच मुलगी १८ फुटांवर बसली तर पावणेदोन फूट झाकले जातात, म्हणजे नट गुडघ्यापासून वर पूर्ण दिसतो. ससा, उंदीर, बुटका असली जमिनीलगत वावरणारी पात्रं बालनाट्यात बरीच असतात, आणि पहिल्या ओळीतल्या मुलांना नेमकी तीच दिसत नाहीत.

म्हणून सतरंजीची तिसरी-चौथी ओळ धरा, रंगमंचापासून पंधरा ते वीस फुटांवर. अगदी मध्यभागी नको, मधल्या वाटेच्या कडेला बसा. वाटेच्या बाजूला समोर डोकी नसतात आणि शूला जायचं झालं तर कुणाला ओलांडावं लागत नाही.

खुर्च्यांच्या मागे मुलाला जमिनीवर बसवू नका. खुर्चीवरच्या मोठ्या माणसाचं डोकं चार फुटांवर असतं, त्यापुढे काही चालत नाही. खुर्च्याच असतील तर मूल मांडीवर. प्लास्टिकच्या खुर्चीवर मुलाला उभं करणं फार धोक्याचं आहे. मैदानातली माती भुसभुशीत असते, मूल पाठीकडे रेललं की मागचे पाय रुततात आणि खुर्ची उलटते. घडीच्या लोखंडी खुर्चीत तर बिजागरीत बोट चेमटतं. बसण्याआधी ती पूर्ण उघडून दाबून बघा, आणि मुलाचे हात कडांवर नाहीत ना हे पाहा.

वांद्र्यासारख्या पायऱ्या असतील तर वरचा सगळा हिशेब गळून पडतो, कारण मागे गेलं की आपण वर जातो. तिथे मधल्या पायऱ्या चांगल्या. मुलाला आपल्या खालच्या पायरीवर, आपल्या दोन गुडघ्यांच्या मध्ये बसवा. दोन्ही बाजूंनी गुडघ्यांचं कुंपण होतं, मूल मागे रेलू शकतं, आणि वाकून कानात बोलता येतं. दगड दुपारभर तापलेला असतो, तेव्हा चादरीची चौपदरी घडी बरोबर ठेवा.

वाऱ्याकडेही लक्ष द्या. संध्याकाळी मुंबईत वारा बहुतेक समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो. वाऱ्याबरोबर जाणारा आवाज जमिनीकडे वळतो आणि लांबवर ऐकू येतो. वाऱ्याविरुद्ध जाणारा वर उचलला जातो. त्यात आवाज परतवायला भिंती नाहीत. माइक न लावता होणारा प्रयोग असेल तर वारा रंगमंचाकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला बसा.

प्रश्न : नातवाला मोठा आवाज सोसत नाही, दोन्ही हातांनी कान दाबून धरतो. त्याला नाटकाची मात्र फार हौस. कापसाचे बोळे घालून न्यावं का? (एक आजी, दादर)

आजी, कापसाने फारसं काही होत नाही, आवाज जेमतेम थोडा दबतो. त्यापेक्षा स्पीकरपासूनचं अंतर जास्त उपयोगी. उघड्या जागेत स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. १० फुटांवरून ४० फुटांवर गेलात तर १२ डेसिबल कमी, आणि कानाला तो फरक चांगलाच कळतो. स्पीकर रंगमंचाच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात, त्यामुळे पुढचे कोपरे टाळा. मोठ्या मैदानात मधल्या खांबांवरही स्पीकर टांगलेले असतात. बसण्याआधी मान वर करून एकदा चौफेर बघून घ्या. नाहीतर रंगमंचापासून लांब जाऊन नेमके दुसऱ्या स्पीकरखाली बसाल.

हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल तर आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला असं समजा. तिथे मुलाला बसवू नका, मग त्याला त्रास होवो वा न होवो.

कानांवर टोपीसारखे बसणारे, लहान मुलांच्या मापाचे इअरमफ मिळतात. ते मैदानात पहिल्यांदा घालू नयेत. आठवडाभर घरी, मिक्सर चालू असताना, कुकरच्या शिट्टीच्या वेळी घालून सवय करा. मैदानात गळ्यात अडकवून ठेवा आणि 'लाव', 'काढ' अशा हाताच्या दोन खुणा ठरवून घ्या. कधी लावायचे हे त्यालाच ठरवू द्या, म्हणजे निम्मी भीती जाते.

आवाज कधी चढणार हे बरंचसं आधी सांगता येतं. सुरुवातीचं वाद्यवादन, लढाईचा प्रसंग, आणि मध्यंतरानंतरची पहिली पाच मिनिटं. मध्यंतरात लोकांची बडबड वाढलेली असते, म्हणून साउंडवाला आवाज चढवतो आणि मग तो खाली आणायचं राहून जातं. प्रयोगाआधी त्याच्या टेबलापाशी जाऊन 'धमाका कुठे कुठे आहे?' एवढं विचारा. ही माणसं आनंदाने सांगतात, कधी कधी बसायची बरी जागाही दाखवतात.

प्रश्न : आमचं मूळ गाव कुडाळकडे. मुलांना इथेच दशावतार दाखवायचा आहे. धाकटी सहा वर्षांची, राक्षसाला घाबरेल का? आणि एवढ्या रात्री जागायचं कसं? (एक आई, भांडुप)

जागण्याचं आधी. गावी पालखी झाल्यावर दशावतार उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. मुंबईत तसं होत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, तेही जास्तीत जास्त १५. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, तिथे तर तेही नाही. धोबीतलावचं रंगभवन याच नियमांपायी सुनं पडलं. शहराच्या ऐन मध्यावरचा मोठा खुला रंगमंच असा हातचा गेला, याची हळहळ नाटकवाल्यांना आजही आहे. असो. तुमच्यापुरतं इतकंच, की मुंबईतला दशावतार बहुधा दहाच्या आत आटोपतो.

संयोजकांना दोन्ही भागांच्या वेळा विचारून घ्या: आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा भाग, कधी आणि आख्यान, म्हणजे मुख्य कथा, कधी. आडदशावतारात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येतात, मग काळ्या वेशातला संकासुर आणि त्याची मालवणीतली टोलेबाजी. सहा वर्षांच्या मुलीला हा भाग सर्वांत आवडेल, तेव्हा तो चुकवू नका. काही ठिकाणी वेळ वाचवायला तो फार आटपता घेतात, म्हणून आधी चौकशी बरी. आख्यानातले संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतात. एखादा प्रसंग रंगला की वीस मिनिटं जास्त चालतो. त्यामुळे 'नऊ वाजता संपेल' असं मुलीला कबूल करू नका.

आता राक्षस. तो अचानक येत नाही, त्याची चाहूल लागते. पखवाजाची लय चढते, झांज जोरात वाजू लागते, आतून आरोळी येते आणि मग तो पाय आपटत प्रवेश करतो. कधी कधी प्रेक्षकांमधूनही येतो. मुलीला आधीच सांगून ठेवा, की झांज जोरात वाजली म्हणजे तो येणार. घाबरायच्या ऐवजी ती झांजेकडे कान लावून बसेल आणि तुम्हालाच सांगेल. बसताना विचारून घ्या, की पात्रं कुठल्या वाटेने येतात; त्या वाटेच्या कडेला मात्र बसू नका. मघाशी वाटेची कड चांगली असं म्हटलं, दशावताराला ते लागू नाही.

जमलं तर प्रयोगाच्या तास-दीड तास आधी, परवानगी घेऊन, रंगपटात डोकावा. दशावतारी नट आपला रंग आपणच लावतात. समोर आरसा धरून एक साधा माणूस कपाळावर, गालांवर रेघा ओढत राक्षस होतोय आणि शेजारी दुसरा लुगडं नेसून राणी होतोय, हे मुलीने आधी पाहिलं की पुढचं सगळं सोपं. पण ऐन प्रवेशाच्या दहा मिनिटं आधी जाऊ नका. तेव्हा नट पूर्ण वेशात असतात, घाईत असतात, आणि मुलीला माणूस न दिसता राक्षसच दिसतो.

तरीही घाबरलीच तर डोळ्यांवर हात ठेवू नका. न दिसणारा राक्षस जास्त मोठा असतो. 'त्यात काय घाबरायचं' असंही नको. कडेवर घेऊन वीस-पंचवीस पावलं मागे जा आणि तिथून उभ्याने पाहा. राक्षस लहान दिसतो, आजूबाजूची माणसं हसताना दिसतात. भीती ऐन भरात असताना घरी निघू नका, नाहीतर राक्षस तसाच मनात राहतो. आख्यानात त्याचा वध होतो, तेवढा होऊ द्या. थांबणं अशक्यच झालं तर वाटेत वध सांगून टाका. आणि दुसऱ्या दिवशी जेवत नाही म्हणून 'राक्षसाला बोलावू का' असं कुणी म्हणणार नाही, हे घरात बजावून ठेवा.

प्रश्न : डास, खाणं, शू यांचं कसं करावं? बरोबर काय काय घ्यावं? (एक वाचक, चेंबूर)

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यातही सकाळी आणि सूर्यास्ताआधी, मलेरियाचा रात्री. म्हणून डासांचं मलम मैदानात अंधार पडल्यावर नाही, घरून निघताना लावा. मोठ्यांनी आपल्या हाताने लावावं, मुलाच्या तळहातांना, डोळ्यांपाशी आणि ओठांभोवती नको. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला लावू नये, आणि लेमन युकॅलिप्टसच्या तेलाचं तीन वर्षांखाली नको. पायघोळ पायजमा आणि मोजे घाला, कारण सतरंजीवर बसल्यावर डास घोट्यांनाच चावतात. घरी आल्यावर साबणाने धुवून टाका.

जेवण निघण्याआधी, साडेपाचला, पोटभर. मैदानात फक्त चाळवायला काहीतरी: पोळीचा रोल, केळं, खाकरा. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न चार वर्षांखालच्या मुलाला अजिबात नको. अंधारात, हसताना, मान वर केलेली असताना दाणा श्वासनलिकेत जायला वेळ लागत नाही.

शूचा हिशेब असा. मुलाच्या वयात २ मिळवा आणि ३० ने गुणा, साधारण तितके मिलिलिटर त्याच्या मूत्राशयात मावतात. पाच वर्षांच्या मुलाचे झाले २१०. प्रयोगाआधी रस्त्यावर २०० मिलिलिटरचा ज्यूस पाजलात तर ऐन रंगात उठावं लागणारच. अर्धा लिटर पाण्याची बाटली घ्या आणि घोट घोट द्या. मैदानात शिरल्या शिरल्या, जागा धरण्याआधी, स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहून या आणि उजेड असतानाच मुलाला एकदा नेऊन आणा. काळोखात अनोळखी फिरत्या स्वच्छतागृहात शिरायला मुलं साफ नकार देतात.

एक जादा चड्डी-पायजमा, प्लास्टिकची पिशवी, ओला रुमाल, पातळ शाल आणि छोटी बॅटरी. बॅटरी कायम जमिनीकडे धरा. अंधाराला सरावलेल्या नटाच्या डोळ्यांवर उजेड पडला तर पुढची पायरी त्याला दिसत नाही.

प्रश्न : काळा घोड्याच्या गर्दीत सात वर्षांच्या मुलाला न्यावं की नाही? (एक बाबा, कांदिवली)

शनिवार-रविवारी संध्याकाळी नको. मधल्या वारी, साडेचार-पाचला पोचा. १९९९ पासून चालू असलेला हा महोत्सव आठ-नऊ दिवस असतो, सुट्टीचाच दिवस गाठायची गरज नाही. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून चालत जाता येतं, मेट्रोचं हुतात्मा चौक स्थानकही जवळ आहे. त्या भागात रिक्षा नाही हे परतीच्या वेळी विसरू नका. पेंगुळलेल्या मुलाला स्टेशनपर्यंत कडेवर न्यावं लागेल.

हरवलं तर भेटायची जागा ठरवताना बहुतेक जण काळ्या घोड्याचा पुतळा ठरवतात. तिथेच फोटोंसाठी सर्वांत जास्त रेटारेटी असते. त्यापेक्षा डेव्हिड ससून ग्रंथालयाचं फाटक ठरवा आणि आल्या आल्या मुलाला ते हात लावून दाखवा. स्वयंसेवकांचा शर्ट कुठल्या रंगाचा आहे तेही दाखवा. तुमचा मोबाइल नंबर चिठ्ठीवर लिहून त्याच्या खिशात, आणि बॉलपेनने हातावरही. घरून निघतानाच त्याचा पूर्ण कपड्यांतला एक फोटो काढून ठेवा. घाबरलेल्या आई-बापांना मुलाने कुठला शर्ट घातला होता ते आठवत नाही. पोलिसांसाठी ११२ आणि मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ फोनमध्ये आधीच साठवा.

प्रश्न : मुलगी नाटकात मोठमोठ्याने प्रश्न विचारते. शेजारचे वळून बघतात, लाज वाटते. (एक आई, विलेपार्ले)

लाज वाटून घेऊ नका. विचारतेय म्हणजे बघतेय. 'शूऽऽ' करून गप्प करण्याऐवजी कानात एका शब्दात उत्तर द्या, 'राजा', 'खोटं रडतोय', आणि नजर रंगमंचाकडेच ठेवा, ती लगेच पुन्हा तिकडे वळते. सविस्तर समजावत बसलात तर पुढचा प्रवेश तुम्हा दोघींचाही हुकतो आणि शेजाऱ्यांना त्रास होतो तो त्या समजावण्याचाच. बालनाट्याचे नट मुलांच्या प्रश्नांना सरावलेले असतात, पुष्कळदा रंगमंचावरूनच उत्तर देतात. त्यांचं लक्ष खरं विचलित होतं ते पुढच्या ओळीत उंच धरलेल्या मोबाइलच्या पडद्यांमुळे.

प्रश्न : वांद्र्याच्या पायऱ्यांवर बाबागाडी नेता येईल का? (एक आई, खार)

नको. पायऱ्यांवर ती ठेवायला सपाट जागा मिळत नाही, आणि प्रयोग सुटल्यावर सगळे एकदम निघत असताना अंधारात ती कुणाच्या तरी पायात येते. बाळाला पुढे बांधायच्या झोळीत घ्या, वरच्या कडेला बसा, आणि शेवटचा प्रवेश संपून टाळ्या सुरू झाल्या की गर्दीच्या आधी निघा.